खारबावच्या तांदळाची बिअर

माझ्या साडूने माझी बिअर स्वतःची म्हणून खपवली आणि मला फसवलं. पैशाला फसवलं असतं तर मी कधीच वसूल करून मोकळा झालो असतो. पण त्याने मला सासऱ्यांसमोर फसवलं, आणि ती वसुली कुठल्याच बाजारात होत नाही.

माझ्या बायकोची धाकटी बहीण त्याला दिली आहे. तो पुण्यात संगणकावर काम करतो. मी भिवंडीचा. यंत्रमागावर बॉबिन भरण्यापासून सुरुवात केली, आज माझे स्वतःचे लूम आहेत आणि पडघ्याकडे गोदाम. थोरला जावई मी. पण खारबावला सासऱ्यांच्या ओटीवर पाहुणा आला की ते धाकट्याकडे हात करून म्हणतात, "ह्यो आमचा शिकलेला जावय." माझी ओळख "आनि हे थोरले" एवढ्यावर आटोपते. माझ्या हातच्या एका तरी गोष्टीला त्या म्हाताऱ्याने चांगलं म्हणावं, एवढीच माझी लग्नापासूनची मागणी आहे.

दोघी बहिणींना एकमेकींना भेटायचं असतं आणि साडूला बिअर प्यायची असते, म्हणून आमच्या सहली निघतात. शनिवारी निघायचं, रविवारी परत. कधी पुणं, कधी लोणावळ्यात मुक्काम करून पुढे पुणं, एकदा थेट बंगळूर. देऊळ नाही, धबधबा नाही. जिथे बिअर जागेवरच बनते अशा ठिकाणी जायचं, काचेमागच्या टाक्या बघायच्या आणि साडूचं प्रवचन ऐकायचं.

"भाऊ, घाईने पिऊ नका. आधी वास घ्या. संत्र्याची साल जाणवते?"

मला शेजारच्या टेबलावरची कांदाभजी जाणवत होती.

त्या जागांची एक पद्धत मात्र मला पहिल्याच दिवशी पटली. मागवण्याआधी ते इवल्याशा ग्लासात चव दाखवतात, फुकट. मी यादीतली प्रत्येक बिअर मागवून बघितली. मग वेटरला म्हणालो, "ती काळी परत दाखव. मघाची आणि ही एकाच लॉटची आहे का बघतो."

"सर, ऑर्डर काय लिहू?"

"ऑर्डर माल पसंत पडल्यावर."

बायको टेबलाखालून माझा पाय दाबत म्हणाली, "अहो, हे काय दुकान आहे?"

"विकतात ना? मग दुकानच."

तर अशाच एका पुण्याच्या जागेत साडूने नवीन टूम काढली. तिथे पाहुण्यांना स्वतःची बिअर बनवू देतात. दिवसभर तिथल्या माणसांबरोबर राबायचं, मग टाकीत ती मुरेपर्यंत थांबायचं, आणि तयार झाली की आपली माणसं घेऊन प्यायला जायचं. साडू म्हणाला, "भाऊ, तुम्ही एक करा, मी एक करतो. बाबांना घेऊन येऊ. कोणाची कोणती ते सांगायचं नाही. त्यांना कुठली आवडते बघू."

आमच्याकडे सासऱ्यासमोर जावई ग्लास लपवत नाहीत, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. मी लगेच हो म्हणालो. पण माझ्या डोक्यात वेगळाच बेत होता. मी खारबावला जाऊन सासूबाईंकडून गुपचूप तांदूळ आणला. सासऱ्यांच्या स्वतःच्या शेताचा. बिअर त्यांना आवडली की मग सांगायचं, बाबा, हा तुमचाच भात. साडूच्या सगळ्या शिक्षणावर एका वाक्यात माती पडली असती.

बिअर बनवणारी एक तरुण मुलगी होती, गमबूट घातलेली, बोलायला चटपटीत. तांदूळ बघून म्हणाली, "चालेल काका, बिअर हलकी होते." आम्ही धान्य गरम पाण्यात कालवलं, पळ्याने ढवळलं, गाळलं, उकळलं. माझा शर्ट पिळून काढावा इतका भिजला. साडू गव्हात संत्र्याची साल टाकत होता आणि मध्ये मध्ये फोटो काढत होता. फोटोत राबणारा मी कुठेच नाही.

बिअर तयार झाल्यावर सासऱ्यांना घेऊन आम्ही पुन्हा गेलो. धुतलेला पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, असे ते भिंतीकडेच्या सोफ्यावर बसले. दोघी बहिणी त्यांच्या बाजूला. मी आणि साडू ग्लास भरून आणायला आत टाक्यांपाशी गेलो. ती मुलगी माझ्या टाकीच्या मधल्या नळाखाली ग्लास धरू लागली.

आता भिवंडीत कापडाची गाठ उघडली की वरचा ताका कोणी बघत नाही. वरचा ताका विकणाऱ्याने निवडून ठेवलेला असतो. हात घालायचा तो तळाला. या एका सवयीवर मी एवढा धंदा उभा केला आहे. मी म्हणालो, "थांब. खालून काढ."

"काका, खाली गाळ बसलेला असतो. यीस्ट असतं."

"प्रत्येक विकणारा हेच सांगतो. तळाचं काढ!"

"अहो, गढूळ येईल. चांगली नाही दिसणार."

"माल माझा आहे, मला शिकवू नकोस!" माझा आवाज थोडा चढला असेल. बाहेरचे लोक काचेतून बघायला लागले, म्हणजे चढलाच असेल.

आणि साडू, ज्याला या विषयातलं सगळं कळतं, जो संत्र्याच्या सालीवर तासभर बोलतो, तो काय म्हणाला? "बरोबर आहे भाऊंचं. अनुभवी माणूस आहे. त्यांची खालून काढा, माझी वरून चालेल."

खालच्या नळातून आधी भिजलेल्या शाडूसारखं काहीतरी आलं. ते तिने बादलीत सोडलं. "ते फेकता का?" असं मी विचारलं, तर तिने बादली पायाने बाजूला सारली. मग ग्लास भरला. साडूचा ग्लास पिवळाधमक, आरपार दिसणारा. माझा ग्लास म्हणजे भाताची पेज.

दोन्ही ग्लास सासऱ्यांसमोर ठेवले. त्यांनी माझा ग्लास उजेडाकडे धरला. कपाळाला आठ्या.

"ही गढूल कोनाची हाय?"

सांगायचं नाही असं ठरलं होतं. मेहुणी फिस्सकन हसली. सासरे माझ्याकडे बघायला लागले. एवढ्यात साडू पुढे झाला. "बाबा, ती माझी. जरा बिघडली."

मला वाटलं, काय माणूस आहे! माझी लाज स्वतःच्या अंगावर घेतली. मी म्हणालो, "हो बाबा, त्यांचीच ती." आणि साडूची पाठ थोपटली. ती पाठ थोपटल्याचं मला आजही लागून राहिलं आहे.

सासऱ्यांनी आधी पिवळी चाखली. "साबनाचा वास मारते." बाजूला सारली. मग गढूळ उचलली. एक घोट. थांबले. दुसरा घोट. मग ग्लास रिकामा करून मिशी पुसली.

"वा! याला म्हनतात! पोटाला लागते. तोंडात वलखीची चव येते. धाकट्या, हात हाय तुला!"

मी उठून उभा राहिलो. "बाबा, ती माझी आहे!"

"मंग मगाशी का न्हाय बोललात? आता ग्वाड लागली तवा तुमची?"

"खरंच माझी! यांना विचारा!"

साडू हसत होता. नुसता हसत होता. मी आत धावलो आणि त्या मुलीला घेऊन आलो. म्हटलं, सांग यांना, गढूळ कोणाची. तिने माझ्याकडे बघितलं. मघाचं माझं ओरडणं तिच्या चांगलं लक्षात होतं. म्हणाली, "दिवसभरात इतके ग्लास भरते काका, कुठे लक्षात राहतं?"

शेवटचा पुरावा म्हणून मी ओरडलो, "बाबा, त्यात तुमच्या शेताचा तांदूळ आहे! खारबावचा!"

सासऱ्यांचे डोळे पाणावले. मग त्यांनी हात पुढे केला आणि साडूच्या डोक्यावर ठेवला. "आपला तांदूल घातलास? मंग बरोबर. शिकलेला हाय, पन घराला इसरला न्हाय."

आणि साडूने मान खाली घातली. नम्रपणे!

परतीच्या रस्त्यावर मी शीळ फाट्यापर्यंत बोलत होतो. बायको म्हणाली, "जाऊ द्या ना. बाबा इतके खूष कधी झाले होते? आणि भाऊजींनी तुम्हाला वाचवायलाच सांगितलं ना तसं?"

"वाचवायला एक वाक्य लागलं. परत द्यायलाही एकच लागत होतं. ते का नाही निघालं तोंडातून?"

यावर तिने खिडकीची काच वर केली.

आता खारबावला मी ओटीवर पाय ठेवला की सासरे शेजाऱ्यांना ती गोष्ट सांगत असतात. सासूबाईंना तांदूळ कोणी नेला ते माहीत आहे, पण त्या म्हणतात, "दोगं बी आमचेच." साडूला फोन केला तर तो म्हणतो, "भाऊ, पुढची ट्रिप नाशिकला करू या." मी नाशिकला येणार नाही. कुठेच येणार नाही.

मेहुण्याच्या मुलीची हळद जवळ आली आहे. सगळा गोतावळा मांडवात असेल, सासरे मधोमध खुर्चीत असतील. तिथे साडूभाऊ, तुम्ही उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. तुमच्या बिअरमध्ये गहू होता, संत्र्याची साल होती. मग खारबावचा तांदूळ तिच्यात कुठून आला? पुण्यापर्यंत तो कोणाच्या गाडीतून गेला? उत्तर द्या. हसू नका, उत्तर द्या.