मैनाबाईची साक्ष

वरूडकडच्या एका गावात मैनाबाई अकरा वर्षं शाळेची खिचडी शिजवत होती. सकाळी तांदूळ निवडून अळ्या काढायच्या, शिजवायचं, मुलांआधी घास चाखायचा. चवीच्या नोंदवहीत ‘उत्तम’ लिहिण्याचं काम मात्र शाळा समितीचे अध्यक्ष जानराव करत. आठवड्याचं एकदम, न चाखता. घरी आली की मैनाबाई डोळे चोळत कुरकुरायची आणि तिची आठवीतली प्रणाली ऐकायची.

नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या आरती मॅडमनी आठवीच्या मुलांना ग्रामसभेला नेलं. मुलांनी मागे बसून नुसतं पाहायचं, असं ठरलं होतं. पण “कोनाले काई विचारायचं हाय का?” असं सरपंचांनी म्हणताच प्रणाली उठली.

“शाळेच्या तांदळात अळ्या असतात. माझी आई रोज निवडते. मग वहीत ‘उत्तम’ कोण लिहितं?”

सभा हसली. जानराव हसले नाहीत.

चौथ्या दिवशी शाळेत समिती बसली. दाराशी मुलं दाटली होती, त्यात प्रणालीही होती.

“गणितात पोरं कच्ची, अन् तुमी त्याईले सभेत उभं करून राहिल्या, मॅडम?” एक पालक म्हणाला.

“उद्या सासरी जाऊन सासऱ्यालेच कायदा शिकवन ते,” दुसऱ्यानं जोडलं.

“शिकवू द्या ना भाऊ,” कुलसुमबी म्हणाली. तिचा मुलगा त्याच वर्गात होता. “आमी जिंदगीभर चूप बसलो, काय भलं झालं?”

जानरावांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. “मैनाबाई, तूच सांग. निंगतात का अळ्या?”

पुढचा विषय होता नव्या वर्षासाठी स्वयंपाकीण नेमण्याचा. नवरा गेल्यापासून घर याच कामावर चाललं होतं. मैनाबाईनं दाराकडे पाहायचं टाळलं.

“नाई भाऊ. लेकरू हाय, काईबी बोलते.”

आरती मॅडमनी हातातलं पुस्तक मिटलं. नागरिकशास्त्राचा तास गणिताला गेला. मैनाबाईचं काम राहिलं.

संध्याकाळी प्रणालीनं न सांगता भांडी घासली, अंथरुणं घातली.

“बोल ना वं काई. भांड तरी,” मैनाबाई म्हणाली.

“काय बोलू, माय? शाळेत साऱ्या पोरी मले लबाड म्हणून राहिल्या.”

“तू लबाड नाईस” हे चार माणसांत म्हणायला हवं होतं. घरात, दार लावून म्हणण्यात काय अर्थ? तरी मैनाबाई म्हणाली. प्रणालीनं नुसती मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.