सोळा व्हॉल्व्ह आणि खानवेलचा चढ

गॅरेजात आलेलं इंजिन उघडलं जातं, जोडलं जातं आणि एक दिवस निघून जातं. किस्से मात्र इथेच राहतात, त्यांना न्यायला कोणी येत नाही. आमच्या खडोली रोडवरच्या गॅरेजात ते इतके साठलेत, की चहाला कोणी टेकलं की एखादा बाहेर पडतोच.

गॅरेज नानांचं. नाना शिरपूरकडचे, इंजिनं तेच बांधतात. मी डायनो चालवते. म्हणजे जमिनीत बसवलेले रोलर. गाडीची चाकं त्यांवर फिरतात, गाडी जागेवरच पळते, आणि इंजिन किती फेऱ्यांना किती ताकद देतं त्याची रेघ माझ्या स्क्रीनवर उमटत जाते.

*

डायनो नवा होता तेव्हाची गोष्ट. आवाजाची तक्रार घेऊन जागेचे मालक धनसुखकाका आले आणि नेमके रोलरवर पळणाऱ्या गाडीच्या नाकासमोर उभे राहिले. मी खुणेनं सांगतेय, बाजूला व्हा. ते खुणेनंच सांगतायत, बंद करा.

तेवढ्यात गाडीला जमिनीशी बांधून ठेवणारा मागचा एक पट्टा सुटला. गाडीनं पुढे झेप घेतली आणि उरलेल्या पट्ट्यावर अडकली. आत बसलेल्या नानांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, पण रोलर थांबेपर्यंत तो पट्टा करकरत होता आणि आम्ही नुसते बघत होतो. टिकला. बंपर आणि काकांचं पोट यांत वीतभर अंतर राहिलं.

काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग मी विचारलं, "आवाजाचं काय म्हणत होतात?"

"अवाज बरोबर छे," काका म्हणाले.

*

डोकमर्डीत राहणारे सावंत सर शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन आठ व्हॉल्व्हचं. सरांना त्यावर नव्या मॉडेलचं सोळा व्हॉल्व्हचं हेड, म्हणजे झडपा बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, हवं होतं. हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा दुप्पट, म्हणजे इंजिनाचा श्वास मोकळा.

हेड बसलं. चालू करण्याआधी नाना पाना लावून इंजिन हातानं फिरवत होते. सर उत्साहानं स्टिअरिंगवर बसलेले, हात चावीवर. अचानक पाना अडला.

"सर," नाना हळूच म्हणाले, "दोन्ही हात वर करा."

सरांनी दरोडा पडल्यासारखे हात वर केले. नानांनी खिडकीतून हात घालून चावी काढली, मग कव्हर उघडलं. झडपांची वेळ सांभाळणारा दातेरी टायमिंग बेल्ट एक दात पुढे बसला होता. स्टार्टर मारला असता तर पिस्टननं झडपा वाकवून टाकल्या असत्या.

"फक्त एका दातासाठी?" सर म्हणाले.

"तुमचा एक दात दुसऱ्याच्या जागी बसवून बघू?"

*

तीच गाडी डायनोवर आली. हेड बदलण्याआधीची जुनी रेघ आणि नवी रेघ मी एकावर एक लावल्या. शेवटाकडे नवी रेघ जुनीच्या खूप वर गेली होती. सर खूश. पण खालच्या फेऱ्यांना, जिथे गाडी गावात दिवसभर चालते, तिथे नवी रेघ जुनीच्या खालीच होती.

"सर, नुसता वरचा आकडा नका बघू," मी म्हटलं. "वर्गाचा निकाल तुम्ही पहिल्या आलेल्या मुलावरून सांगता का?"

"शाळेच्या जाहिरातीत तेच सांगतो," सर म्हणाले.

*

काशिनाथ खानवेलच्या पलीकडच्या पाड्यांवर प्रवासी व्हॅन चालवतो. त्याचं हेड तापून तडकलं. मिळालं ते सोळा व्हॉल्व्हचंच. नानांनी बसवलं. डायनोवर पुन्हा तीच गोष्ट, वर जोर आणि खाली अशक्त.

"भरून बघू," काशिनाथ म्हणाला. मग आम्ही गॅरेजातले सगळेच प्रवासी झालो.

खानवेलच्या चढाच्या मध्यावर समोर एक ट्रॅक्टर थांबला. काशिनाथलाही थांबावं लागलं. निघताना इंजिन बंद पडलं आणि व्हॅन मागे सरकली. मागे वळण होतं, वळणाखाली दरी. हँडब्रेकवर ती कशीबशी थांबली. आमच्यातला एक जण दाराकडे वळला.

"उतरू नका," काशिनाथ आरशात बघत म्हणाला. "माझ्या गाडीत म्हातारी माणसं असतात. ती उडी मारू शकत नाहीत."

त्यानं इंजिन चालू केलं, फेऱ्या वाढवल्या, क्लच जळल्याचा वास आला, आणि व्हॅन चढली.

वर पोचल्यावर नाना म्हणाले, "चढली की."

"मी होतो म्हणून चढली. बाजाराच्या दिवशी जावई चालवतो."

नानांनी व्हॅन परत गॅरेजात घेतली. हवा आत नेणारे पाइप लांब आणि अरुंद केले, म्हणजे कमी फेऱ्यांनाही हवा जोरात शिरावी. झडपा उघडणाऱ्या कॅमचं टायमिंग बदललं. माझ्या स्क्रीनवर शेंडा थोडा खाली आला, पण बूड उचललं गेलं.

काशिनाथनं रेघ बघितलीच नाही. तो जावयाला घेऊन आला होता. जावयाला स्टिअरिंगवर बसवलं, आम्हाला परत आत भरलं, आणि दरीच्या बाजूची सीट दाखवून म्हणाला, "नाना, तुम्ही इथे बसा."

नाना बसले.

चढाच्या त्याच जागी काशिनाथ म्हणाला, "थांबव." जावई थांबला. त्याच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. "आता चढव."

मी नानांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. व्हॅन किंचित थरथरली, मग सरळ वर निघाली.

माथ्यावर उतरल्यावर मी विचारलं, "नाना, डोळे का मिटले होते?"

"कान उघडे व्हते ना," नाना म्हणाले.