भावोजींनी अडवलेली लाइन

भावोजी गेल्याचं मला जामसरला, एका लग्नाच्या पंगतीत कळलं. पानातला भात मी शांतपणे संपवला, मग उठले. मुलांनो, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. सुतक मी नीट पाळलं. आता महिना उलटलाय, तर खरं लिहिते.

तुमच्या आजोबांचे हे धाकटे भाऊ पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. तुमची आई त्यांच्याच हाताखाली, सगळ्यांत नवी. हृदयाचं दुखणं निघालं तसे ते जव्हारला आमच्याकडे राहायला आले आणि कॉम्प्युटरवरून तिथला कारभार हाकू लागले. तिकडे कोणी कोड जमा केला की सर्व्हर सगळ्यांचा कोड जोडून आपोआप तपासायचा आणि पास-नापासाची नोंद ठेवायचा. त्या नोंदींना घरबसल्या प्रश्न विचारायचं एक साधन भावोजींना बसवायचं होतं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की उत्तर हजर. इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं, आणि वीज गेली की सगळं पहिल्यापासून. पावसाळाभर त्यांनी घरचा फोन अडवला. मी रिसीव्हर उचलला की कानात इंटरनेटच्या जोडणीची किंचाळी आणि आतून ओरडा, "वहिनी, ठेवा तो! तोडलंत ना पुन्हा?"

शेवटी ते साधन बसलं. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, नापास कोड कोणाच्या नावावर? ओळीमागून ओळ तुमच्या आईचं नाव आलं...

"बघा वहिनी, लेकीचे प्रताप! मशीन नातं बघत नाही."

"संध्याकाळी सगळ्यांचा कोड गोळा करून तिनं एकटीनं आपल्या नावावर जमा करायचा, हा नियम कोणाचा?"

"माझा. मग?"

"मग शेवटी दार लावणारीच चोर का, भावोजी?"

ते हसले. "तुमचं इंग्रजी शाळेत शिकवायला ठीक आहे. यात पडू नका."

तो निकाल त्यांनी तसाच वरिष्ठांकडे पाठवला. तुमच्या आईला काकांशी बोलायचं होतं. "आई, सारखं एंगेज लागत होतं गं," ती नंतर म्हणाली. लागणारच... ते त्याच लाइनवरून मशीनला तिच्याबद्दल आणखी प्रश्न विचारत बसले होते. तिची नोकरी गेली, मग तिनं देशच सोडला. म्हणून तुम्ही मोठे होताना मला फक्त फोटोत दिसता.

पुढे भावोजींनी गुपचूप तो नियम बदलला. चूक झाली असं मात्र मरेपर्यंत म्हणाले नाहीत.

त्यांच्या खोलीपर्यंत खिळ्यांनी ठोकत नेलेली तार अजून भिंतीवर आहे. रिसीव्हर उचलला की मी आजही आधी थांबून ऐकते... किंचाळी नसते. मला बरं वाटतं, आणि त्याची लाज वाटत नाही. मग तुमच्या आईचा नंबर फिरवते.