भोईर सरांच्या मशीनला घाई नव्हती

भोईर सर चुकलेल्या गणितावर कधी फुली मारत नसत. वही पुढ्यात घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "उत्तर राहू दे. कुठल्या आळीतून आलास ते सांग." मग ते पोरगं आपली सगळी वाकडी वाट सांगायचं आणि घरच्या माणसाचं दुखणं ऐकावं तसे सर ऐकत बसायचे. एकेकाला अर्धा तास. वर्गात मुलं एकशे वीस! आता तुम्हीच सांगा, कसं जमायचं?

मी डोंबिवलीच्या त्या कॉलेजात शिपाई होते. शिकलेली सातवी, पुढचं जे आलं ते फळे पुसता पुसता. नव्वद सालानंतरची गोष्ट. ठाण्यातला एक कारखाना बंद पडला आणि तिथले चार जुने कॉम्प्युटर आमच्याकडे आले. खोलीची चावी माझ्याकडे. चपला बाहेर, खिडक्या बंद, मशीनवर खोळ; देवघराला नसेल एवढं सोवळं. सरांनी दोन वर्षं खपून त्यात गणिताचा प्रोग्रॅम लिहिला. उत्तर बरोबर आलं की मशीन जरा अवघड गणित द्यायचं, चुकलं की एक पायरी खाली न्यायचं, आणि जिथे पाय टेकेल तिथून पुन्हा वर. "मी काय एकशे वीस जणांना पुरत नाही, शेवंताताई," सर म्हणाले, "हे पुरेल."

पहिला प्रयोग माझ्यावर. मशीनने मला खाली नेत नेत पाव-अर्ध्यावर आणून ठेवलं. मी लाजले. सर हसले, "लाजता काय? तळ लागला ना, आता बुडायची भीती नाय." आणि खरं सांगते, महिन्याभरात मी अपूर्णांकांची बेरीज करायला लागले. त्रेचाळिसाव्या वर्षी!

प्राचार्यांनी मात्र अट घातली. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गणितात आपटलेली अकरा मुलं घ्या, ऑक्टोबरच्या परीक्षेत निम्मी तरी पास करा, नाहीतर खोली बाहेरच्या कॉम्प्युटर क्लासला देणार.

पायऱ्यांना सरांनी इयत्तांची नावं दिली होती. एका मुलाला पडद्यावर 'इयत्ता पाचवी' दिसली, तसा तो चपला घालून जो गेला तो दोन दिवस फिरकलाच नाही. मग मीच म्हटलं, "सर, लोकलच्या स्टेशनांची नावं द्या." सगळ्यात खाली कसारा, मग टिटवाळा, आंबिवली, कल्याण, डोंबिवली, आणि सगळ्यात वर ठाणं. झालं, खोलीत हशा सुरू.

"काय रे, अजून आंबिवलीच?"

"गप ए, काल तू टिटवाळ्याला झोपलेलास!"

त्यांच्यात कळव्याची वैशाली होती. तिसऱ्यांदा बसत होती. घरी बजावलेलं, या वेळी नाही तर मावशीबरोबर कंपनीत पॅकिंगला जायचं. एकदा ती मशीनसमोरच ओरडली, "खालचे आकडे आधी सारखे करायचे, एवढंच? अहो सर, हे मला शाळेत कुणी सांगितलं का नाही?" सरांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

सप्टेंबर संपत आला. वैशाली पोचली डोंबिवलीला, बाकीचे कल्याणच्याही अलीकडे. पेपर सगळा ठाण्याचा. मी म्हटलं, "सर, प्रोग्रॅममधला एखादा आकडा बदला आणि ढकला त्यांना पुढे. गाइडातली गणितं पाठ करून तरी जातील."

सर म्हणाले, "डोंबिवलीला पोचलेल्या पोरीला ठाणं आलं म्हणून सांगू? हे पाप मशीनकडून करून घेऊ?"

"पास तरी होईल हो!"

"आणि आत्ता कुठे समजायला लागलंय, त्याचं काय?"

मी मशीनवर खोळ घातली. आजची मी असते तर भांडले असते.

अकरातले दोन पास झाले. दोघांनीही मशीनला दांड्या मारून गाइड पाठ केलं होतं. खोली क्लासला गेली. वैशाली नापास. कागदपत्रं न्यायला आली तेव्हा दारातूनच म्हणाली, "सर, अपूर्णांक आता सगळे येतात मला. पण पेपरात ते विचारलेच नाहीत."

सर आता नाहीत. शेवटपर्यंत फळ्यावरच शिकवत राहिले, चांगलं शिकवतात असं मुलं म्हणायची. मला मात्र आठवतात ते निकालानंतरच्या एका रविवारचे. पोरीला अजून एक संधी द्या, असं सांगायला ते कळव्याला तिच्या घरी गेले. सोबत मी. वडील भला माणूस. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाले, "सर, तिच्यासाठी एवढं कधी कुणी केलं नव्हतं. तुम्ही एवढं करूनही ती नापास झाली. मग आता तिला कोण शिकवणार?"

त्यात टोमणा नव्हता हो. खरंच विचारत होता बिचारा. आत वैशालीच्या बांगड्यांचा आवाज थांबला. सरांनी कप हातात धरून ठेवला, चहावर साय आली तरी. मग तो तसाच खाली ठेवला आणि म्हणाले, "येतो."