पांढऱ्या पिठाची धास्ती

माझं लग्न होऊन पहिलं वर्ष सरत होतं तेव्हाची ही गोष्ट, १९६७ च्या हिवाळ्यातली. माहेर शेगावचं, सासर जानेफळचं. सासरे इंद्रभान आणि आमचे हे, सहदेव, मळ्यात भाजीपाला पिकवायचे. घर मात्र चालायचं सासूबाईंच्या, सोजराबाईंच्या मनाने. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. उंच, हाडकुळ्या, दिवसभर पायाला बसणं माहीत नाही. लग्नानंतर अकरा वर्षं त्यांना मूल नव्हतं. घरच्यांनी सासऱ्यांसाठी दुसरी मुलगी पाहूनसुद्धा ठेवली होती. तेवढ्यात आमच्या यांच्या वेळी आत्याबाईंना दिवस गेले आणि सवत टळली. या अकरा वर्षांबद्दल आत्याबाई कधी बोलत नसत. दुसऱ्या बायाच मला सांगायच्या.

त्या वर्षी बालवाडीतल्या पोरांसाठी परदेशी मदतीचं पीठ आणि दुधाची पावडर आली होती. पीठ पांढरंफेक, मैद्यासारखं. बायांनी थोडं थोडं घरी नेलं, पण ज्वारीच्या हाताला ते वळेना. म्हणून ग्रामसेविका सिंधूताई एका परदेशी मुलीला घेऊन आल्या. नाव रूथ. आम्हाला वाटलं होतं गोरी मडम येईल. उतरली ती काळ्याभोर केसांची, आपल्याच रंगाची.

"माय व, हे तं आपल्यातलीच दिसून राह्यली!" शेजारच्या सत्यभामाबाई म्हणाल्या.

रूथ अमेरिकेची, पण तिथल्या मूळच्या लोकांपैकी, नवाहो लोकांपैकी. मोडकंतोडकं मराठी बोलायची, अडलं की सिंधूताई पुढचं सांगायच्या. आमच्याकडे मोठी कढई होती म्हणून शिकवणं आमच्याच चुलीपाशी झालं.

तिने परातीत पीठ घेतलं, मीठ, दुधाची पावडर आणि तिच्या डब्यातली फुगायची पूड टाकली आणि कोमट पाण्यात सैलसर भिजवलं. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवलं. मग गोळा हातावर थापायला घेतला. आत्याबाईंनी दोन मिनिटं पाहिलं आणि तिच्या हातातून गोळा काढूनच घेतला.

"सरक वं पोरी. हे तं भाकरच होय."

थापलेल्या पोळीला मधोमध बोटाने भोक पाडायचं आणि तापल्या तेलात सोडायची. ती टम्म फुगून तांबूस झाली. तिच्यावर रूथने शिजवलेली बरबटी, म्हणजे चवळी, पसरली, वर चिरलेला पानकोबी, टमाटे, कांदा, हिरवी मिरची आणि घट्ट दही. तिच्या घरी दह्याच्या जागी दुसरं काही घालतात म्हणे, पण ते इथे मिळणारं नव्हतं.

"याले काय म्हनतात?" आत्याबाईंनी विचारलं.

"टाको."

"अवं पन टाकू काऊन? येवढं चांगलं झालं!"

चुलीपुढे हसून हसून बाया लोळल्या. मग रूथने सांगितलं की तिच्या पणजीच्या आईला आणि साऱ्या गावाला तिथल्या सरकारच्या शिपायांनी बंदुका रोखून घराबाहेर काढलं, शेकडो कोस चालवत नेलं आणि खायला नुसतं पांढरं पीठ आणि चरबी दिली. बायांनी त्याचीच ही पोळी केली. आत्याबाई हसायच्या थांबल्या. रूथच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "जे हाती आलं त्याचंच करा लागते, माय."

मला ते खाणं फार आवडलं. माहेरच्या आठवणीने माझं जेवण कमी झालं होतं. म्हणून पुढच्या महिनाभरात आत्याबाईंनी माझ्यासाठी चार-पाच वेळा त्या पोळ्या केल्या. पूड नव्हती तर खायचा सोडा आणि ताक घालून केल्या. उरलेले तुकडे गाभण शेळीला टाकले.

फाल्गुनात बाजाराच्या दिवशी सत्यभामाबाई धापा टाकत आल्या. मी आतल्या खोलीत होते, यातलं काही माझ्या कानावर आलं नाही; नंतर आत्याबाईंनीच सांगितलं.

"सोजरे, आयकलं का? त्या पांढऱ्या पिठात दवाई हाये म्हनते. पोरं होनं बंद करायची. मेहकरच्या बाजारात सारेच बोलून राह्यले."

तेव्हा गावोगाव कुटुंब नियोजनाची गाडी फिरायची. तिच्यावरचा लाल त्रिकोण दिसला की बाया दारं लावून घ्यायच्या. त्यामुळे या गोष्टीवर विश्वास बसायला कोणाला वेळ लागला नाही. सत्यभामाबाई गेल्यावर आत्याबाईंनी पिठाचा डबा उचलला आणि उकिरड्यावर उपडा केला. नंतर राखेने हात घासत राहिल्या, कातडी लाल होईपर्यंत.

त्यानंतर आठच दिवसांत शेळीने मेलेलं करडू टाकलं.

आत्याबाईंच्या मनात काय चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं. मला दिसायचं ते एवढंच, की त्या माझ्याकडे पाहत राहतात. मी धुण्याला गेले की मागे येतात. महिन्याचे दिवस आले आणि मी बाजूला बसले, की त्यांचा चेहरा पांढरा पडतो. एकदा विचारलं, "पोटात दुखते का तुह्या? खरं सांग." मी नाही म्हटलं तर डोळ्याला पदर लावला.

मला वाटलं, वर्ष झालं आणि मला काही नाही, म्हणून आत्याबाईंचा जीव माझ्यावरून उडाला. त्यांच्या वेळी घरात काय ठरलं होतं ते मला माहीत होतंच. आता आमच्या यांच्यासाठीही दुसरी पाहत असतील. ओसरीवर कोणी पाहुणा बोलत बसला की मी भिंतीला कान लावायची. यांना विचारायची हिंमत नव्हती. अन्न आणखीच गोड लागेना, मी वाळत चालले, आणि मला वाळताना पाहून आत्याबाईंची खात्री होत गेली की विष भिनलं.

चैत्रात एका सकाळी त्या कोणाला न सांगता एसटीत बसल्या. जन्मात त्या एकट्या कुठे गेल्या नव्हत्या. सोबत होतं डब्याच्या तळाला चिकटून राहिलेलं चिमूटभर पीठ, पदराच्या गाठीत. मेहकरच्या दवाखान्यात नर्सबाईंपुढे त्यांनी गाठ सोडली.

"याच्यात काय हाये ते सांगा. माह्या सुनेले मी माह्या हातानं खाऊ घातलं."

नर्सबाईंनी पीठ बोटाने चाखलं. गहू आहे, दुसरं काही नाही, म्हणाल्या. शेळीचं ऐकून विचारलं, गल्लीत आणखी कोणाच्या शेळ्या गाभडल्या का? तेव्हा आत्याबाईंना आठवलं, सत्यभामाबाईंच्या दोन गाभडल्या होत्या आणि त्या शेळ्यांनी पोळीचा तुकडाही पाहिला नव्हता. नर्सबाई म्हणाल्या, ही शेळ्यांमधली साथ आहे. पण आत्याबाईंचं मन भरेना. नर्सबाईही सरकारच्याच, खरं कशाला सांगतील?

तिथून त्या सिंधूताईंच्या बिऱ्हाडी गेल्या. रूथ तिथेच होती. दारातूनच आत्याबाईंनी विचारलं, "पोरी, तुले मी लेकीवानी मानलं. माह्या सुनेले काय देल्लं तुनं?"

सिंधूताईंनी अर्थ सांगितला तशी रूथ उठून दारापाशी आली. मग ती बोलत गेली आणि सिंधूताई मराठीत सांगत गेल्या, "आमच्या म्हाताऱ्या बायांनाही त्या पिठाची भीती वाटली होती. कसं करायचं माहीत नव्हतं, लोक कच्चंच खायचे, आजारी पडायचे. त्यांना वाटलं, आपल्याला मारायला दिलं. तुम्ही भिता ते बरोबर आहे. मी त्याच पोत्यातलं रोज खाते. याच्यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही."

आत्याबाई परत आल्या तेव्हा दुपार कलली होती. मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. त्या समोर येऊन बसल्या आणि गाठीपासून शेळीपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

मला आधी राग आला. "आत्याबाई, मले वाटलं तुमी दुसरी सून पाहून राह्यल्या! दोन महिने मी मरून राह्यली इथं!"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "दुसरी?" एवढंच म्हणाल्या, आणि माझा हात धरला. पहिल्यांदाच धरला असेल. "माह्या जिवात जीव हाये तोवर या घरात दुसरी येनार नाई. मले माहीत हाये ते काय असते."

माझी ती भीती तिथेच गेली, पण त्यांची आता मला चिकटली. नर्सबाई खरं बोलल्या असतील का? रूथ आपल्या देशी परत जायला निघाली, निरोपाला आली, तेव्हाही आम्ही दोघी तिच्याशी धड बोलू शकलो नाही. पुढचे सहा-सात महिने दर महिन्याला आम्ही दोघी दिवस मोजायचो आणि एकमेकींकडे बघायचं टाळायचो. कोणाला सांगायची सोय नव्हती. यांना कळलं असतं तर गावभर झालं असतं आणि दोष रूथवर, नाहीतर आत्याबाईंवर आला असता.

दिवाळीनंतर मला दिवस गेले. आत्याबाईंना सांगितलं तर त्या आनंदल्या नाहीत, आणखीच भ्यायल्या. शेळीलाही दिवस गेलेच होते की, तरी करडू मेलेलंच आलं! पाचव्या महिन्यात माझ्या कमरेत कळ आली तेव्हा त्यांनी सासऱ्यांना न विचारता बैलगाडी जुंपायला लावली आणि मला मेहकरला त्याच नर्सबाईंकडे नेलं. मूल ठीक होतं. बाळंतपणही तिथेच करायचं त्यांनी ठरवलं. गावातल्या बाया नाकं मुरडत राहिल्या.

आषाढात मुलगी झाली. आत्याबाईंनी तिला उघडी करून मांडीवर घेतलं, हाताची बोटं मोजली, पायाची मोजली, कान ओढून पाहिले. ती जोरात रडली.

"रड, रड," आत्याबाई म्हणाल्या आणि स्वतःच हुंदके देऊन रडायला लागल्या. नर्सबाईंना वाटलं नात झाली म्हणून रडतात. त्या समजूत घालायला लागल्या, की पुढच्या वेळी मुलगा होईल.

आत्याबाईंनी त्यांना हाताने बाजूला सारलं. "मुलगा नोका सांगू मले. बाई, इले आधी कपड्यात गुंडाळा, गार वारं सुटलं."