साहेबांचा कुत्रा आणि माझी माय

"'चिखलातल्या डुकरीसारखी', इथं जरा जोर दे. टाळी इथंच पडेल," मॅडम म्हणाल्या.

कॉलेजच्या हॉलमध्ये तालीम चालू होती. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त साहेबांच्या कथासंग्रहाचं प्रकाशन होतं आणि त्यातला एक उतारा मला वाचायचा होता. मीच का? तर कथेतली ती बाई माझी माय. मॅडमना ठाऊक होतं, म्हणूनच माझी निवड. "अस्सल वाटेल," असं म्हणाल्या त्या.

मी जोर दिला. मागची पोरं फिदीफिदी हसली. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. पुढची ओळ वाचायला घेतली.

आम्ही ढिवर, मासे धरून जगणारे. चिमूरकडच्या एका गावात तलावाच्या पाळीला लागून आमचं घर. उन्हाळ्यात तलाव आटला की माय गुडघाभर चिखलात वाकून हातानं मासे चाचपते. अशाच एका उन्हाळ्यात साहेब गाडी घेऊन आले होते, सोबत त्यांचा कुत्रा. मायनं खाट टाकली, भात रांधला, आम्हा पोरांसाठी ठेवलेले मासे त्यांना वाढले. कुत्र्यालाही घातले. जाताना साहेब म्हणाले, "बाई, तुमच्यावर लिहिणार मी." माय ते गावभर सांगत फिरली.

तालमीहून घरी आले तर मायनं उद्यासाठी ठेवणीतलं पातळ धुऊन दोरीवर टाकलेलं.

"माह्याबद्दल काय लिवलं वं त्यायनं?"

"मासे धरतेस, ते लिवलं."

"बरं लिवलं?"

मी पाणी आणायला उठले.

उजेड होता तोवर पाळीवर बसून अख्खी कथा वाचून काढली. माय डुकरी. बाप मुका बैल. आम्ही भावंडं पिलावळ. शेजारची मावशी घार. साहेब मात्र साहेबच. त्यांचे हात म्हणजे हात, डोळे म्हणजे डोळे. आणि शेवटच्या पानावर त्यांचा कुत्रा. 'किती समजूतदार, अगदी माणसासारखा!' ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आमच्या अंगणात त्या दिवशी साहेबांना माणसासारखं कोणी दिसलं असेल तर तो कुत्रा.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. माय पहिल्या रांगेत, पातळाचा पदर घट्ट धरून. स्टेजवरच्या टेबलावर तिला द्यायची साडी ठेवलेली. मी वाचायला लागले. त्या ओळीपाशी आले आणि थांबले. मॅडमनी बाजूनं हाताची खूण केली. जोर दे.

"थांबली काऊन बाई? वाच नं," माय खालून म्हणाली.

मी पुस्तक मिटलं. माईकवरच सांगितलं, "माय, यायनं लिवलं का तू डुकरीवानी हायेस. आन् यायचा कुत्रा माणसावानी हाये."

टाळी पडली नाही. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, ती उपमा आहे. कथेत असंच लिहितात. साहित्य समजायला वेळ लागतो."

"समजलं सर. म्हणूनच वाचत नाही."

माय उठून उभी राहिली. साहेबांकडे बघत एवढंच बोलली, "पोरायच्या ताटातली मच्छी देल्ती मी तुमाले, भाऊ."

मग दाराकडे चालू लागली. मी स्टेजवरून उतरून तिच्या मागं गेले. साडी टेबलावरच राहिली.

आम्ही बसस्टँडवर गेलो. गाडी आली, बसलो, घरी आलो. मायनं पातळ घडी करून पेटीत ठेवलं. त्यानंतर मला कोणत्याच कार्यक्रमात वाचायला बोलावलं नाही. तेही आतपर्यंत पोचलं नाही. सगळं बधिर आहे अजून.

आता मी लिहिते आहे. मैत्रीण म्हणाली, साहेबाला कोल्हा कर, लांडगा कर, चांगली जिरेल त्याची. मी नाही म्हटलं. आमच्या जंगलात कोल्हे पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकानंही कधी आमच्या खाटेवर बसून, आमच्या हातचं खाऊन, माझ्या मायला डुकरी म्हटलेलं नाही. हे माणसानं केलं. माझ्या लिहिण्यात साहेब पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माणूसच राहील. त्यातून मी त्याला सुटू देणार नाही.