फुलावरची छत्री

फुलापाशी जाण्याआधी त्याची परवानगी घेणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच असेल, आणि ते नेमके माझे साडू निघावेत, याला माझं नशीबच म्हणायचं. ब्राह्मणपुरीच्या शेतात ज्यांनी उभा जन्म तण उपटण्यात घालवला, तेच साडू खापर गावाच्या पुढे डोंगरातल्या ओहोळाकाठी रानफुलांसमोर चपला काढून उभे राहतात आणि विचारतात, "येवू का वं माय?" फुलाने होकार दिला (तो कसा, हे विचारायची सोय नाही) की चिखलात पालथं पडायचं आणि नाकावर रुमाल बांधायचा, कारण श्वासाने पाकळी हलते. पुतण्याच्या लग्नात यांच्याकडे कॅमेरा सोपवला, तर अंतरपाट धरल्यापासून पंगत उठेपर्यंत यांनी मांडवामागची धोतऱ्याची फुलंच टिपली. ती नवरी आजही त्यांच्याशी बोलत नाही.

या वेडात त्यांची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, कायम सोबत असे. तिचं काम एकच, फुलावर काळी छत्री धरायची. उन्हात म्हणे रंग फिका येतो. पंचवीस वर्षं तिने छत्री धरली आणि हजारो फोटोंत तिचा एकही नाही. कुणी म्हटलंच तर, "काढसू ना, घाई काय शे?" असं साडूंचं उत्तर. गेल्या वर्षी ती वारली.

तेव्हापासून ते एकटेच जातात. यंदा भाद्रपदात सुरतहून त्यांच्या लेकीचा मला फोन आला. "काका, बाबाना गुडघा दुखस. शेवाळवर पाय घसरना तं? तुम्ही एकदाव संगे जा आनि सांगा, एकलं जावू देवू का कॅमेरा कपाटमा ठेवू." कॅमेरा कपाटात गेला तर माणूस किती दिवस टिकेल, हे मला ठाऊक होतं. म्हणून गेलो.

भर दुपारचं ऊन. वर झाड नाही, ढग नाही. साडू तेरड्यापाशी पालथे पडले. मी मदतीला वाकलो तर खेकसले, "तू तठेच थांब! अठे जागा नही शे." जागा तर बैलगाडी उभी राहील एवढी होती. मी तिथेच थांबलो, आणि तेव्हा पाहिलं. भोवतीचे दगड उन्हाने चकाकत होते, पण त्या तेवढ्या तेरड्यावर गोल सावली पडली होती. साडू मान न वळवता म्हणाले, "डाव्या अंगे सरक ना वं."

सावली सरकली.

घाबरून रामरक्षा म्हणायला गेलो तर एकोणतीसचा पाढा आठवला. फोटो झाल्यावर साडू सावकाश उठले, कॅमेरा फुलाशेजारच्या रिकाम्या जागेकडे वळवला, बराच वेळ डोळा लावून उभे राहिले आणि बटण न दाबताच तो खाली घेतला. "नही येस ती फोटोमा," माझ्याकडे न बघता म्हणाले. "कितला दाव काढी देखं." त्या क्षणी माझी भीती पार गेली आणि फार वाईट वाटलं.

संध्याकाळी लेकीला फोन केला. "जावू दे त्यास्ले. संगे शे कोनीतरी."

"कोन शे, काका?"

तिच्या आईचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण पोर एवढ्या लांब एकटी रडत बसेल, म्हणून म्हणालो, "शे एक वळखीनं मानूस," आणि फोन ठेवून मीच रडत बसलो.